'अर्ली' म्हणून सुटलेला जठराचा कॅन्सर चार वर्षांनी हाडात सापडला, त्या केसची पूर्ण हकिकत

घरच्यांना विचारूनच लिहितोय. गाव, वय आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, बाकी जसं झालं तसं. मी नाशिकला सिडको भागात जनरल प्रॅक्टिस करतो, कॅन्सरचा डॉक्टर नाही, पण हे पेशंट पंधरा वर्षं माझ्याकडे येत होते आणि या केसमधली एक मोठी चूक माझ्याच टेबलावर झाली, म्हणून ती मीच लिहिलेली बरी.

पार्श्वभूमी

पेशंटना आपण अण्णा म्हणू. वय ५८, निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग, तंबाखू खूप वर्षं होती नंतर सोडली, शुगर नाही, बीपीची एक गोळी. २०१९ च्या दिवाळीनंतर ॲसिडिटी म्हणून आले, दोन घास खाल्ले की पोट भरतंय, वजन सहा किलो उतरलेलं आणि हिमोग्लोबिन ९. एन्डोस्कोपी केली तर जठराच्या खालच्या भागात एक छोटी खोलगट जखम दिसली, तुकडा तपासला तर कॅन्सर, तोही सिग्नेट रिंग प्रकारचा. (पेशीत म्युकस साठून केंद्रक कडेला ढकललं जातं आणि मायक्रोस्कोपखाली ती अंगठीसारखी दिसते म्हणून हे नाव. दिसायला सुंदर, वागायला वाईट.)

सीटी स्कॅनमध्ये बाहेर कुठे काही नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये शहरातल्याच एका हॉस्पिटलला ऑपरेशन झालं, जठराचा खालचा भाग आणि आजूबाजूच्या लसिकेच्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या. रिपोर्ट आला: कॅन्सर सबम्युकोसापर्यंतच, म्हणजे आतल्या अस्तराच्या खालच्या थरापर्यंत, स्नायूत शिरलेला नाही. कडा स्वच्छ. ३१ गाठी तपासल्या, २ मध्ये कॅन्सर. रक्त आणि लसिकेच्या बारीक नळ्यांमध्येही पेशी दिसल्या. म्हणजे खोलीचा दर्जा टी१बी, गाठींचा एन१, मिळून स्टेज १बी.

मुलाने त्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर 'अर्ली गॅस्ट्रिक कार्सिनोमा' या ओळीखाली लाल पेनने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, ती झेरॉक्स फाइलमध्ये सगळ्यात वर असायची. आम्ही सगळे पुढची तीन-साडेतीन वर्षं त्या दोन रेघांवरच विसंबून होतो, मी धरून.

आता या 'अर्ली'बद्दल थोडं सांगायलाच हवं कारण इथेच घोळ होतो. जठराच्या कॅन्सरमध्ये अर्ली हा शब्द फक्त खोलीबद्दल आहे. जपानी एन्डोस्कोपीवाल्यांनी १९६२ साली व्याख्या केली की कॅन्सर म्युकोसा किंवा सबम्युकोसापर्यंत असेल तर अर्ली, गाठीत गेलेला असो वा नसो. या गटातले बहुतेक लोक बरे होतात, पाच वर्षांनी ९० टक्क्यांच्या वर जिवंत असतात, ते खरंच आहे. पण नुसत्या अस्तरात असलेला, गाठी कोऱ्या असलेला पेशंट आणि अण्णांसारखा सबम्युकोसात गेलेला, दोन गाठी पॉझिटिव्ह, नळ्यांमध्ये पेशी आणि वर सिग्नेट रिंग असा पेशंट, हे एकाच शब्दाखाली बसत असले तरी एक नाहीत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, माहीत होतं, पण फाइल उघडली की आधी लाल रेघ दिसायची.

पहिला निर्णय: ऑपरेशननंतर किमो द्यायचा का

फेब्रुवारी २०२० च्या शेवटी रिपोर्ट घेऊन दोन ठिकाणी दाखवलं, एक नाशिकला आणि एक मुंबईला. एक मत पडलं की गाठी पॉझिटिव्ह आहेत तर किमो द्या. दुसरं मत की टी१ आहे, जपानमधल्या ज्या मोठ्या ट्रायलवर ऑपरेशननंतरचा किमो उभा आहे त्यात स्टेज २ आणि ३ चे पेशंट होते, टी१ वाल्यांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे अशांना फायदा होतो की नाही याचा नीट पुरावा नाही, नजर ठेवली तरी चालेल. दोन्ही मतं आपापल्या जागी बरोबर होती. अमेरिकेतल्या गाइडलाइन गाठ पॉझिटिव्ह असली की किमोकडे झुकतात, जपानी पद्धत अशांना मोकळं सोडते.

अण्णांचं वजन तेव्हा ४९ किलो, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, ते पण कधी कधी उलटून पडायचं. मुलगा मला म्हणाला, डॉक्टर तुम्ही काय म्हणता. मी म्हटलं दोन आठवडे थांबू, थोडं खाणं सुधारू दे मग ठरवू. ते दोन आठवडे संपायच्या आतच लॉकडाऊन लागला, गाड्या बंद, डे केअर अर्धे बंद, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला कोरोनाच्या काळात किमो देऊन प्रतिकारशक्ती पाडायची का, या प्रश्नावर सगळ्यांनीच नाही म्हटलं. निर्णय झाला असं म्हणण्यापेक्षा तो होऊन गेला.

किमो दिला असता तर हे टळलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडेही नाही.

मधली साडेतीन वर्षं

चांगली गेली. सहा महिन्यांनी तपासणी, वर्षाला सीटी आणि एन्डोस्कोपी, सीईए (रक्तातली कॅन्सरची एक खूण) नेहमी नॉर्मल, बी१२ चं इंजेक्शन माझ्याकडे घ्यायचे. वजन ५५ वर गेलं. बाग परत स्वतः बघायला लागले. ऑपरेशनच्या वर्षी ठरवलेलं सगळं केलं, फक्त त्या यादीत हाडाबद्दल काहीच नव्हतं, कारण जठराचा कॅन्सर परतला तर लिव्हर, पोटाचा पडदा, गाठी इथे परततो हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हाडात जातो पण कमी, आणि अर्लीमधून हाडात जाणं तर अगदीच दुर्मिळ. पण जेव्हा जातो तेव्हा बऱ्याचदा सिग्नेट रिंग किंवा तशाच नीट आकार न घेतलेल्या पेशींचा असतो, आणि ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही उगवतो, असं जगभरच्या केस रिपोर्टमध्ये आहे.

त्रास कसा सुरू झाला

२०२३ ची ऑक्टोबर छाटणी. बागेत छाटणी झाली की पेस्टिंग, मग फवारण्या, माणूस दिवसभर वाकलेला नाहीतर ट्रॅक्टरवर हादरे खात. अण्णा कंबर धरून आले. मी म्हटलं ब्लोअरवर किती तास बसता, ते म्हणाले सहा-सात. झालं, कारण सापडलं. एक्सरे काढला तर वयाप्रमाणे झीज. पॅरासिटामॉल दिली, सीटवर जाड टॉवेल घाला म्हटलं.

एक्सरेवर समाधान मानलं ही पहिली घसरण. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्सरेत भोक दिसत नाही, हे एमबीबीएसच्या मुलाला पण पाठ असतं.

दिवाळीनंतर परत आले, दुखणं कमी नाही. मी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.२, प्लेटलेट्स १ लाख ४८ हजार, कॅल्शियम खालच्या कडेला, व्हिटॅमिन डी फक्त ९, अल्कलाइन फॉस्फटेज (लिव्हर आणि हाडात बनणारं एन्झाइम) ३४२ (आमच्या लॅबची वरची मर्यादा १३० च्या आसपास), लिव्हरचं बाकी सगळं आणि जीजीटी (हेही लिव्हरचंच एन्झाइम) नॉर्मल. जीजीटी नॉर्मल म्हणजे हे फॉस्फटेज लिव्हरमधून नाही, हाडातून येतंय. इथपर्यंत मी बरोबर होतो आणि मनातल्या मनात खूशही झालो, कारण चित्र छान जुळलं: जठर कापलेला माणूस, कॅल्शियम आणि डी नीट शोषलं जात नाही, हाडं मऊ पडतात, अंग दुखतं, फॉस्फटेज वाढतं. ऑस्टिओमलेशिया. पुस्तकातलं उदाहरण. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, कॅल्शियम चालू, आठ आठवड्यांनी या.

दुसरा निर्णय जो मी घेतला आणि चुकला, तो हाच. निदान खोटं नव्हतं बरं का, डी खरोखरच ९ होतं. पण एक कारण सापडल्यावर मी दुसरं शोधलंच नाही. फॉस्फटेजचे जुने आकडे त्याच फाइलमध्ये होते. २०२१ ला ९४, २०२२ च्या शेवटी १२१, मे २०२३ ला १६८, आणि त्या १६८ समोर लॅबने 'एच' (हाय, म्हणजे जास्त) छापलेलं, शेजारी माझ्याच अक्षरात 'फॅटी लिव्हर?' असं लिहिलेलं. तीन रिपोर्ट एकाखाली एक ठेवून बघायला दोन मिनिटं लागली असती.

त्या आठ आठवड्यांत काय चाललं होतं ते नंतर काकूंकडून, म्हणजे अण्णांच्या बायकोकडून कळलं. अण्णा रात्री आडवे होऊ शकत नव्हते, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत उशी पोटाशी धरून बसायचे आणि पहाटे तिथेच डुलकी लागायची. मला फोनवर सांगायचे 'आहे थोडंफार, पुड्या चालू आहेत'. रात्री जास्त दुखतं का, झोपल्यावर वाढतं का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास आले तेव्हा मुलाने धरून आणलं. तीळगूळ द्यायला हात पुढे केला तर मनगटाच्या वर जांभळा डाग, दंडावर अजून दोन. मणक्यावर बोटाने हळूच टिचकी मारली तर ओरडले.

समोर कोणते पर्याय होते

त्याच दिवशी रक्त पाठवलं. हिमोग्लोबिन ८.४, प्लेटलेट्स ७८ हजार, फॉस्फटेज ६९०. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा फोन आला, "सर, स्मिअरमध्ये कच्च्या पांढऱ्या पेशी आहेत आणि केंद्रकवाल्या लाल पेशी पण, मॅरोमध्ये काहीतरी घुसलंय, तुम्ही वाट बघू नका." (स्मिअर म्हणजे काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलेलं रक्त, मॅरो म्हणजे रक्त बनवणारी हाडातली मज्जा.) त्यांनी मशीनचा आकडा तसाच पाठवला असता तर अजून एक आठवडा गेला असता.

एमआरआयमध्ये छातीचे दोन, कंबरेचे दोन मणके, सेक्रम आणि कमरेचं हाड, सगळीकडे ठिपके ठिपके. रिपोर्टखाली तीन शक्यता: कोच म्हणजे टीबी, मेटास्टॅसिस म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, मायलोमा म्हणजे मॅरोतल्याच पेशींचा कॅन्सर.

घरच्यांनी टीबी हा शब्द धरला. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, टीबीच निघू द्या हो." आपल्याकडे मणक्याचा टीबी इतका बघायला मिळतो की ही आशा वेडी नव्हती, आणि एका ओळखीच्या डॉक्टरांनी तर एकेटी (टीबीची औषधं) चालूच करा, महिन्यात फरक दिसेल असं सुचवलं. तपासून न बघता एकेटी देणं हा आपल्याकडे अगदी रोजचा मार्ग आहे. पण टीबी बहुतेकदा शेजारच्या दोन मणक्यांत आणि मधल्या चकतीत असतो, पू धरतो. इथे चकत्या शाबूत, मधले मणके सोडून सोडून लागलेले, वर कमरेचं हाड. आणि प्लेटलेट्स पडतायत, म्हणजे महिनाभर थांबायला वेळच नव्हता.

म्हणून ठरलं की आधी तुकडा. प्लेटलेट्स कमी असल्याने मणक्यात सुई घालण्यापेक्षा कमरेच्या हाडातून मॅरो आणि हाड दोन्ही घेतलं, तिथे रक्त आलं तर जागेवर दाबून ठेवता येतं. सोबत मायलोमासाठी इलेक्ट्रोफोरेसिस आणि गोठण्याच्या तपासण्या. पेट स्कॅनमध्ये उरलेलं जठर, लिव्हर, गाठी सगळं स्वच्छ, फक्त हाडं, तीही फिकट उजळलेली. सिग्नेट रिंग पेशी बऱ्याचदा पेटमध्ये नीट चमकत नाहीत, त्यामुळे नुसत्या पेटवर विसंबलो असतो तरी फसलो असतो. सीईए तेव्हाही नॉर्मलच होतं!

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. मॅरोमध्ये त्याच अंगठीवाल्या पेशी, चार वर्षांपूर्वीच्या जठराच्या स्लाइडशी जुळणाऱ्या. हर-टू निगेटिव्ह, पीडी-एल१ चा स्कोअर १ च्या खाली, म्हणजे हर्सेप्टिनचा प्रश्न नाही आणि इम्युनोथेरपीवर लाखो घालून फार हाती लागेल असं नाही. गोठण्याच्या तपासण्यांत डी-डायमर (गुठळ्या विरघळल्याची खूण) खूप वर, पीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ लांबलेला. रक्त नळ्यांत गोठत गोठत प्लेटलेट्स संपत होत्या, डीआयसीची सुरुवात.

आता जठर स्वच्छ, लिव्हर स्वच्छ आणि थेट हाडात कसं, हे मुलाने मला तीन वेळा विचारलं. मणक्याभोवती शिरांचं एक जाळं आहे, त्याला झडपा नाहीत, रक्त दोन्ही दिशांना जाऊ शकतं. बॅट्सन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १९४० मध्ये ते मांडलं, त्या वाटेने पेशी लिव्हर आणि फुप्फुस टाळून मणक्यात पोचू शकतात असा एक तर्क आहे. दुसरं म्हणजे पेशी ऑपरेशनच्या आधीच निसटून मॅरोत झोपून राहिल्या असतील. अण्णांच्या बाबतीत कोणतं, सांगता येत नाही.

काय केलं

ऑन्कोलॉजिस्टनी सरळ मांडलं. काहीच केलं नाही तर आठवड्यांचा हिशोब आहे. किमो दिला तर प्लेटलेट्स अजून पडून रक्तस्राव होऊ शकतो, पण त्या पडण्याचं मूळ कारण कॅन्सर आहे आणि त्याला हात लावणारं दुसरं काही नाही. तिसरा रस्ता म्हणजे फक्त दुखणं थांबवून घरी नेणं.

त्याआधी अजून एक निर्णय होता, अण्णांना सांगायचं का. मुलगा म्हणे नको, खचतील. मी दोन दिवस हो ला हो केलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनीच मला विचारलं, "यंदा एप्रिलची छाटणी मी करायची का पोरावर सोपवायची, तेवढं सांगा." मी मुलाकडे बघितलं, तो खाली बघत होता. मग म्हटलं, अण्णा, पोरावर सोपवा, शेजारी खुर्ची टाकून बसा. त्यानंतर त्यांनी सगळं विचारलं आणि आम्ही सगळं सांगितलं. किमोला हो त्यांनी स्वतः म्हटलं.

जानेवारीच्या शेवटी दर दोन आठवड्यांचा फॉलफॉक्स (ऑक्सॅलिप्लॅटिन असलेला किमो) चालू झाला, पहिले दोन डोस कमी करून, हाताशी प्लेटलेट्सच्या पिशव्या ठेवून. खर्च महात्मा फुले योजनेत बसला, मंजुरीची धावपळ सुनेने केली. सगळ्यात जास्त दुखणाऱ्या मणक्याला ८ ग्रे रेडिएशन एकाच बैठकीत. झोलेड्रॉनिक ॲसिड (हाडं झिजणं रोखणारं इंजेक्शन) मात्र लगेच दिलं नाही, आधी दात दाखवून एक सडलेली दाढ काढली, ती भरू दिली, आणि डी-कॅल्शियम वर आणलं, कारण डी कमी असताना ते दिलं तर कॅल्शियम धाडकन पडतं. एवढ्यापुरत्या माझ्या पुड्या कामाला आल्या.

मॉर्फिनवरून घरात वाद झाला. 'शेवटचं औषध', 'सवय लागते' वगैरे. २०१४ मध्ये कायद्यात बदल होऊन मॉर्फिन मिळणं जरा सोपं झालंय तरी गल्लीतल्या मेडिकलला ते मिळत नाही, नाशिकला यावं लागायचं. पहिल्या गोळीच्या रात्री अण्णा खुर्ची सोडून खाटेवर झोपले, वाद तिथेच संपला.

ऑक्सॅलिप्लॅटिनचा एक त्रास आम्ही सांगितला होता पण निफाडची थंडी हिशोबात धरली नव्हती. या औषधाने गार वस्तूला हात लागला की करंट बसल्यासारख्या मुंग्या येतात, आणि फेब्रुवारीतल्या पहाटे निफाडला नळाचं पाणी म्हणजे बर्फच. काकूंनी लोकरी हातमोजे आणले, पाण्याचा तांब्या चुलीशेजारी ठेवायला लागल्या.

पुढे काय झालं

दुसऱ्या डोसनंतर फॉस्फटेज ८१० वर गेलं आणि मुलगा घाबरून रात्री साडेदहाला फोनवर. पण दुखणं कमी होत होतं आणि प्लेटलेट्स वर येत होत्या, हाड भरायला लागलं की सुरुवातीला फॉस्फटेज उसळू शकतं, म्हणून औषध बदललं नाही. चौथ्या डोसनंतर प्लेटलेट्स १ लाख ५२ हजार, फॉस्फटेज २६० कडे उतरलेलं. मार्चमध्ये माल खुडायला आला तेव्हा अण्णा बांधावर खुर्चीत होते, व्यापाऱ्याशी भावावरून स्वतः भांडले. एप्रिलची छाटणी मुलाने केली, यांनी बसून शिव्या दिल्या.

आठ डोसनंतर बोटं बधिर झाली म्हणून ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून किमोच्या गोळ्यांवर ठेवलं. ऑगस्टच्या शेवटी नाकातून रक्त, प्लेटलेट्स ४० हजार. दुसऱ्या फळीचा किमो देता आला असता, ऑन्कोलॉजिस्टनी स्वतःहूनच सांगितलं की मिळालं तर काही आठवडे मिळतील आणि ते आठवडे हॉस्पिटलात जातील. अण्णा म्हणाले घरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये घरीच गेले, निदानानंतर साधारण नऊ महिन्यांनी.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबरमध्येच एमआरआय केला असता तर अण्णा बरे झाले असते का? नाही. हे मला स्वतःला समजवायला बरेच दिवस लागले. पण प्लेटलेट्स १ लाख ४८ हजार असताना किमो चालू झाला असता, पूर्ण डोसमध्ये, आणि खुर्चीतल्या आठ आठवड्यांच्या रात्री वाचल्या असत्या. माझी चूक मी तेवढीच मोजतो, पण तेवढी मोजतोच.

डी देऊन आठ आठवड्यांनी बोलावलं त्याऐवजी तीन आठवड्यांनी बोलवायला हवं होतं. ऑस्टिओमलेशिया असतं तर दुखणं हळूहळू कमी व्हायला लागलं असतं, वाढलं नसतं. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखायला लागली आणि रात्री वाढतेय, तर एक्सरे मध्ये न घालता सरळ एमआरआय, मग ऑपरेशन किती का जुनं असेना. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नुसत्या मशीनचा न घेता स्मिअर बघायला सांगायचं, खर्च काहीच नाही.

आणि डिस्चार्ज पेपरवर सर्जननी 'अर्ली' लिहिलं असलं तरी खाली गाठी किती, कुठल्या पेशी आणि नळ्यांत काही होतं का, या तीन गोष्टी आता मी पेशंटच्या फाइलच्या पहिल्या पानावर माझ्या हाताने लिहितो. त्याखाली फॉस्फटेजचा रकाना, तारखेसह, वरून खाली. सध्या असे सात पेशंट आहेत माझ्याकडे, त्यातल्या एका बाईंचा आकडा गेल्या महिन्यात ११० वरून १४० झाला म्हणून एमआरआय काढला, काही निघालं नाही, त्या पैसे गेले म्हणून माझ्यावर चिडल्यात.

दिवसकार्यानंतर काकू येऊन गेल्या. उरलेल्या मॉर्फिनच्या स्ट्रिप एका पिशवीत, सोबत चिठ्ठीवर मोजणी: दोन पूर्ण, एक अर्धी. घरात नातवंडं आहेत, ठेवायला नको म्हणाल्या. फाइल मात्र परत घेऊन गेल्या.